पट्टीचा ठसा सुटला! ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही, नोंद ७

मंडळी, बातम्यांच्या पट्टीचा जो ठसा आपण कायमचा जळका समजून सोडून दिला होता, त्यातला मोठा भाग जळका नव्हताच. करड्या स्लाइडवर १० मिनिटांच्या स्थिर पट्टीचा ठसा आधी २५ मिनिटं रेंगाळायचा, आता ४ मिनिटांत साफ!

खोट सप्लाय बोर्डात होती. पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरवर व्हीएस (सस्टेन व्होल्टेज, पडद्यातले वायूचे बारीक सेल पेटते ठेवणारा दाब) १९१ व्होल्ट. मीटरवर गार सेट १९७, अर्ध्या तासाने २०४. व्हीएस असं चढलं की सेलमधला डिस्चार्ज जोरात होतो, आत जास्त चार्ज साठतो आणि रिसेटला तो पुरता पुसता येत नाही. सेट गरम असताना प्रीसेटने (व्होल्टेज जुळवायच्या छोट्या फिरत्या रेझिस्टरने) १९१ वर आणलं, तर दुसऱ्या दिवशी गार असताना व्हीएस कमी पडून पॅनेल नीट पेटेना. फिल्टर कपॅसिटर बदलून काडीचा फरक पडला नाही.

मग फीडबॅकची साखळी तपासली, म्हणजे सप्लाय ज्यांच्यातून स्वतःचं व्हीएस मोजून जुळवतो ते रेझिस्टर. वरच्या बाजूला १०० के (किलो-ओहम) चे तीन रेझिस्टर, प्रत्येकावर साधारण ६३ व्होल्ट. बोर्डावरच मोजले तर समांतर वाटेमुळे तिन्ही ठीक वाटतात, म्हणून एकेक पाय उचलून मोजायचे. मधला ११० के निघाला. त्याच्यावर हेअर ड्रायर धरला आणि आकडा डोळ्यांदेखत १२० च्या घरात गेला. ३०० के चे ३२० के झाले की १९१ चे २०४ होणारच.

तिन्ही काढून १ टक्कावाले मेटल फिल्म लावले. ठाण्यात सुटे मागितले की बरेचदा ५ टक्क्यांचे कार्बन हातात पडतात. शेवटचा पट्टा तपकिरी हवा, सोनेरी असेल तर परत करा. या कामासाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची खेप परवडते. आणि सेट बंद केल्यावरही व्हीएसवर चार्ज उरतो: २.२ के, १० वॅटच्या रेझिस्टरने उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणं अजिबात नको.

आता गार १९१, तासाभराने १९१.५. फार समाधान वाटलं.

चॅनेलचा लोगो मात्र उरलाय. लाल आणि हिरव्या स्लाइडवर काही नाही, निळ्यावर काळपट, पांढऱ्यावर पिवळसर. म्हणजे निळा फॉस्फर (सेलमधला उजेड देणारा लेप) झिजलाय. तो सगळ्यात आधी झिजतो, आणि ही झीज भरून येत नाही. १०० तास पांढरी स्क्रीन चालवायचा बेत म्हणूनच रद्द, त्याने लोगोची जागाही झिजतच राहील. त्याऐवजी लोगोची जागा काळी ठेवून बाकी निळा चालवायचा, म्हणजे आजूबाजूचा फॉस्फर तिच्या बरोबरीला येईल. ब्राइटनेस थोडा जाईल, पण या वयाच्या पॅनेलवर तो सौदा मान्य.

थांबा, काळ्या चौकोनाची कड तीक्ष्ण ठेवली तर तिचाच नवा ठसा उमटेल. कड २० पिक्सेल विरघळती करायला हवी. आधी स्लाइड तशी बनवतो, मग १० तास चालवून निळ्यावर तपासणी.

प्रीसेटही बदलायचाय. कोपरीच्या खाडीकाठच्या हवेत उघडा प्रीसेट गंजतो, बंद मल्टिटर्नच (बऱ्याच फेऱ्यांनी फिरणारा) टिकेल.