कोंबडीच्या पायाला खवले असतातच की!

मागच्या महिन्यात लेकीच्या ज्युनियर केजीतून वर्कशीट आली. डावीकडे प्राणी, उजवीकडे केस, पिसं, खवले, कवच, ओली कातडी, रेषा ओढून जोड्या लावा. दोन मिनिटांचं काम म्हणून मी पोळ्या करता करता तिला ओट्याशेजारी बसवलं आणि बाईसाहेब कोंबडीपाशीच अडकल्या. म्हणे आई, हिला पिसं पण आहेत आणि खवले पण. मी म्हटलं नाही गं, खवले माशाला. तर म्हणे आजीकडच्या कोंबडीच्या पायाला आहेत, मी हात लावलाय. आता बोला! बरोबरच होतं तिचं, त्या पायावरच्या पिवळट चकत्या म्हणजे खवलेच की. तिने दोन रेषा ओढल्या आणि शीटवर लाल गोल घेऊन आली.

मग मी ठरवलं, चार्ट गेला उडत, हाताला लागेल ते दाखवायचं.

रविवारी मासळी बाजारात नेलं. मावशी रावस साफ करत होत्या, सुरी शेपटीकडून डोक्याकडे खरवडली की खवले टिकल्यांसारखे उडतात, दोन माझ्या चष्म्यावर आणि एक हिच्या गालावर. बाजूला पापलेटं होती, त्यांचे खवले इतके बारीक की नुसता चंदेरी वर्ख वाटतो. रावसाचे चार खवले डबीत घालून आणले, धुतले, भिंगाखाली धरले, तर झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं! कोलंबी सोलताना सांगितलं की हिची हाडं आतमध्ये नसतात, बाहेरचं टरफल हाच तिचा सांगाडा, आणि वाढताना ते घट्ट झालं की ती काढून टाकते नि नवीन येतं. यावर लेक म्हणाली, माझ्या युनिफॉर्मसारखं. हो बाई, तसंच.

पिसाची मजा मात्र मलाही माहीत नव्हती. बाल्कनीत कबुतराचं पीस पडलेलं असतंच (या कबुतरांवर वेगळं लिहीन कधीतरी, जीव नकोसा केलाय). ते बोटाने विस्कटायचं, मधे भेग पडते, मग चिमटीत धरून खालून वर हळूच ओढायचं की भेग गायब, चेन लावल्यासारखी! बारीक बारीक आकडे असतात म्हणे त्यात, ते एकमेकांत परत अडकतात. वीस वेळा केलं तिने, आणि हात मात्र साबणाने धुवायला लावले.

मग आम्ही चिपळूणजवळ सासरी गेलो. तिथे गडग्याच्या दगडांत सापाची कात सापडली, जवळजवळ अख्खी. सासऱ्यांनी काठीने उचलून अंगणात आणली आणि दाखवलं की डोळ्यांवरचा पारदर्शक पापुद्रासुद्धा कातीबरोबर निघालाय. माशाचा खवला सुटा निघतो, सापाचं तसं नाही, सगळं एकसंध, मोजा उलटा करून काढावा तसं.

तिथेच मामंजींनी खवल्या मांजराचा विषय काढला. त्यांनी एकदाच पाहिलंय, रात्री पाणंदीत, चाहूल लागली तसं अंगाचा गोळा करून बसलं म्हणे. लेक लगेच, खवले आहेत म्हणजे सापाच्या गटातलं. नाही! मग मांजर? तेही नाही! पिल्लाला दूध पाजतं, पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं, पोटाकडे विरळ केससुद्धा असतात, म्हणजे गाय, कुत्रा, वटवाघूळ आणि आपण, यांच्याच गटातलं. दात नाहीत, लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी खातं. शिकार खूप होते बिचाऱ्याची, खवल्यांसाठी, आणि ते खवले असतात कशाचे तर आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच. कायद्याने मारायला पूर्ण बंदी आहे तरी मारतात. हे चार वर्षांच्या मुलीला किती सांगायचं कळेना, मी नखांवरच थांबले.

ते मात्र पक्कं डोक्यात बसलंय. परवा रात्री नेलकटर घेऊन बसले तर हात पाठीमागे. "आज खवले कापू नको, मला गोळा होऊन झोपायचंय." आणि खरंच गुडघे पोटाशी घेऊन झोपली. नखं अजून तशीच आहेत.