जिथं टपालाचं वाहन बदलतं: चीनमधल्या चार जुन्या टपाल कचेऱ्या

माझे वडील आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. रात्रभर धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून खणाखणांत पत्रं टाकायची आणि सकाळी घरी येऊन झोपायचं, अशी त्यांची नोकरी. नव्या गावाला गेलो की ते देवळाआधी पोस्ट शोधत. "पोस्ट कुठं बांधलंय बघ. बांधलं तेव्हा गावाचं नाक, म्हणजे येण्याजाण्याचं दार, कुठं होतं ते कळेल," असं म्हणत. मुंबईचं जी.पी.ओ. व्ही.टी.ला खेटून आणि गोदीच्या जवळ का आहे, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. यंदा एप्रिलमध्ये मी आणि बायको सोळा दिवस चीनला जाऊन आलो, ते त्यांचं हे वाक्य तपासायला. भिंत पाहिली, राजवाडाही पाहिला, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी टपालाबद्दलच लिहितो.

सुरुवात जीमिंगयीपासून करा, असं मी आग्रहानं सांगेन. जी म्हणजे कोंबडा, मिंग म्हणजे आरवणं आणि यी म्हणजे सरकारी टपालाचे घोडे बदलायचं ठाणं. बीजिंगच्या वायव्येला साधारण दीडशे किलोमीटरवर, हबै प्रांतात, चारी बाजूंनी तट असलेलं हे गाव आहे. मातीचा तट १४७२ चा, त्यावर विटांचं आवरण १५७० चं. पूर्व आणि पश्चिम अशा दोन वेशी. आत आजही लोक राहतात. अंगणात मक्याची कणसं वाळत होती, एक आजी उंबऱ्यावर बसून भाजी निवडत होत्या. टपालाच्या अधिकाऱ्याचा वाडा, भित्तिचित्रं असलेली देवळं आणि १९०० मध्ये बीजिंग सोडून पळालेली महाराणी त्सशी जिथं एक रात्र राहिली तो वाडा, हे सगळं चालत दोन-तीन तासांत होतं.

या ठाण्यांवरून फक्त सरकारी कागद जायचे. तातडीचा खलिता असेल तर दिवसाला सहाशे ली, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोमीटर, घोडे बदलत बदलत. सामान्य माणसाच्या पत्राला तिथं जागा नव्हती, त्यासाठी खासगी पत्रपेढ्या असत. आपल्या पेशवाईतले जासूद आठवले. त्यांच्याही झोळीत दरबाराची पत्रं असायची, शेतकऱ्याचं खुशालीपत्र नसायचं.

मग १९०९ मध्ये बीजिंग–झांगजियाकौ रेल्वे सुरू झाली. जान तियानयौ या चिनी इंजिनिअरच्या देखरेखीखाली बांधलेली ती लाइन इथूनच पुढं गेली. १९१३ मध्ये सरकारनं घोड्यांची सगळी ठाणी बंद केली. जीमिंगयीकडे त्यानंतर वाढायला कारणच उरलं नाही, आणि म्हणूनच तट शिल्लक राहिला. वाढत्या शहरांनी आपले तट पाडून रस्ते केले, हे बीजिंगला पुढं पदोपदी दिसतं. पूर्वेच्या वेशीवर उभं राहून मी बराच वेळ तो रिकामा रस्ता बघत होतो. वडील असते तर त्यांना इथं सगळ्यात जास्त आवडलं असतं.

जायचं कसं: बीजिंग उत्तर किंवा चिंगह स्टेशनवरून झांगजियाकौकडे जाणारी वेगवान गाडी घ्या आणि शिआहुआयुआन उत्तर या स्टेशनवर उतरा. तिथून टॅक्सी. परतीची टॅक्सी गावात मिळेलच असं नाही, तेव्हा नेणाऱ्यालाच थांबवून ठेवा. आम्ही ठेवला नाही आणि तासभर वेशीवर बसून राहिलो. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी बरोबर असू द्या.

दुसरा मुक्काम तिआनजिन. बीजिंगहून वेगवान गाडीनं अर्धा तास, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. चीनचं आधुनिक टपाल जन्मलं ते इथं. १८६० नंतर हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, बीजिंगमधल्या वकिलातींची पत्रं इथूनच बोटीवर चढू लागली, आणि ती ने-आण सागरी जकात खात्याकडे आली. खात्याचा प्रमुख रॉबर्ट हार्ट, तिआनजिनचा अधिकारी गुस्टाफ डेट्रिंग. हिवाळ्यात इथलं पाणी गोठतं, बोटी बंद पडतात. तेव्हा पत्रं जमिनीवरून, घोडेस्वारांच्या हाती, पार यांगत्सेकाठच्या झेंजियांगपर्यंत जात. १८७८ मध्ये याच जकात-टपालाची पहिली तिकिटं निघाली. त्यांवर ड्रॅगन होता: हिरवा एक कँडरीनचा (तेव्हाचं चिनी चलनाचं माप), लाल तीनचा, पिवळा पाचचा. लहानपणी मी त्यांची चित्रं वहीत काढत असे. स्वतंत्र शाही टपाल खात्याचा हुकूम मात्र निघाला २० मार्च १८९६ ला, म्हणजे अठरा वर्षांनी.

जिएफांग उत्तर रस्त्यावरच्या करड्या विटांच्या जुन्या टपाल कचेरीत आता संग्रहालय आहे. इमारत लहानशी आहे, तासाभरात बघून होते. खरी गंमत रस्त्यात आहे. एका मागोमाग एक जुन्या बँका, दगडी खांबांच्या, आणि मागं दोन-तीन मिनिटांवर हाय नदीचा काठ. जहाज, जकात, टपाल, बँक, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. बंदराचं शहर कसं जमत गेलं ते इथं पायांनी कळतं. २०२० च्या जनगणनेत तिआनजिनची लोकसंख्या १ कोटी ३८ लाखांच्या वर होती आणि आज मोठं बंदर पूर्वेला समुद्रावर सरकलं आहे, पण सुरुवात या एका रस्त्याची.

तिकिटं जमवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९०० च्या, परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर हिंदुस्थानी पलटणी या भागात होत्या, आणि त्यांच्या पत्रांसाठी हिंदुस्थानच्याच तिकिटांवर सी. ई. एफ. अशी अक्षरं छापली जात. चायना एक्स्पिडिशनरी फोर्स. हा प्रकार १९२३ पर्यंत चालला. कुणाच्या आजोळच्या ट्रंकेत असं पाकीट असेल तर ते फेकू नका, आणि तिकीट पाकिटावरून सोडवू तर मुळीच नका.

चिंगदाओला आम्ही दोन दिवस दिले, तीन द्यायला हवे होते. नोव्हेंबर १८९७ मध्ये जर्मनांनी हा उपसागर घेतला, मार्च १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर सही झाली, आणि १९०१ मध्ये धक्क्यापासून जवळ लाल विटांची, दोन टोकदार मनोऱ्यांची टपाल कचेरी उभी राहिली. गुआंगशी आणि आनहुई या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती आजही आहे. आत टपाल आणि तारखात्याचं संग्रहालय आहे: मोर्सची यंत्रं, टेलिफोनचे जुने बोर्ड, जाड लाकडी काउंटर. जुन्या लाकडाचा वास अजून आहे. मनोऱ्याखालच्या तुळयांच्या पोटमाळ्यापर्यंत चढून जा, तिथून छपरांच्या पलीकडे समुद्र दिसतो.

वडिलांचं वाक्य इथं मला सगळ्यात नीट पटलं. टपाल कचेरीपासून रेल्वे स्टेशन चालत जाण्याजोगं, धक्का त्याहून जवळ. १९०४ मध्ये रेल्वे जिनानपर्यंत पोचली आणि हे गाव सगळ्या शानदोंग प्रांताचं दार झालं. युरोपियनांची वस्ती समुद्राकडे, चिनी वस्ती टेकाडापलीकडे दाबाओदाओला, अशी आखणीच होती. ती विषमता त्या गल्ल्यांमधून चालताना आजही जाणवते, नुसत्या लाल छपरांचे फोटो काढून परतू नका. १९१४ मध्ये जपाननं शहर घेतलं. ते चीनला परत न देण्याचा निर्णय १९१९ मध्ये पॅरिसला झाला आणि त्यातून बीजिंगच्या विद्यार्थ्यांचं ४ मेचं आंदोलन पेटलं. त्या आंदोलनाच्या नावाचा चौक चिंगदाओच्या पूर्व भागात आहे. नव्वदच्या दशकात शहराचा कारभार तिकडे, फुशान उपसागराच्या काठी हलला. आता काचेचे उंच मनोरे तिथं, आणि जुनी टपाल कचेरी शांत कोपऱ्यात. सकाळी टपाल कचेरी आणि संध्याकाळी तो चौक, असं एकाच दिवशी करा. शंभर वर्षांत शहर कुठून कुठं चालत गेलं ते डोळ्यांनी दिसतं.

विमानानं येणार असाल तर सामानाच्या चिठ्ठीकडेही लक्ष द्या. बीजिंगच्या मुख्य विमानतळाचं चिन्ह पीईके, चिंगदाओचं टीएओ, ग्वांगझौचं सीएएन. पेकिंग, त्सिंगताओ, कँटन. चिनी गावांची नावं रोमन लिपीत कशी लिहायची हे १९०६ मध्ये शांघायला भरलेल्या टपाल परिषदेत ठरलं होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकांतलं पेकिंग याच काळच्या वळणातलं. सरकारनं ती पद्धत कधीच सोडली, विमानतळांना मात्र ती अजून चिकटून आहे.

आणि शांघाय. सूझौ नदीच्या उत्तर काठावर, सिच्वान रस्त्याच्या पुलाला लागून, १९२४ चं मुख्य टपालघर आहे. मेट्रोच्या १० किंवा १२ नंबरच्या लाइनीनं तिआनतोंग रस्ता स्टेशनवर उतरा, तिथून पाच मिनिटं. आधी पुलावर जा आणि तिथून इमारत पाहा: दोन बाजूंना कॉरिंथियन खांबांच्या रांगा, कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या पायाशी पुतळे. एका गटात ग्रीकांचा निरोप्या हर्मीस आहे, दुसऱ्या गटातल्या माणसांच्या हाती आगगाडी आणि जहाजाचा नांगर यांसारख्या दळणवळणाच्या खुणा आहेत. मूळ पुतळे सांस्कृतिक क्रांतीत काढून टाकले गेले. आज दिसतात ते नंतर नव्यानं घडवलेले.

जागा बघा. समोर नदी, तिच्यावर देशाच्या आतल्या भागातून येणाऱ्या होड्या. खाली वाहत गेलं की हुआंगपूवर परदेशी जहाजं. उत्तरेला थोड्या अंतरावर त्या काळचं रेल्वे स्टेशन. पत्रांची पोती होडीतून, गाडीतून, जहाजातून इथं येत आणि वाहन बदलून पुढं जात. १८४३ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालेलं हे बंदर ऐंशी वर्षांत एवढं फुगलं होतं की एवढी इमारत लागली. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ब्रिटन, फ्रान्स, जपान, अमेरिका अशा देशांची स्वतःची टपालघरं शांघायमध्ये होती. वॉशिंग्टन परिषदेतल्या निर्णयानंतर १९२२ च्या अखेरीला परदेशी टपालघरं मोठ्या प्रमाणावर बंद झाली. चीनचं स्वतःचं टपालघर दोनच वर्षांत, इतक्या दिमाखात उभं राहिलं, हा योगायोग मी मानत नाही.

इमारत अजून कामात आहे. दगडी जिना चढून पहिल्या मजल्यावर गेलं की बाराशे चौरस मीटरचा तो प्रसिद्ध हॉल. मोझॅकची फरशी, उंच छत, लांबलचक काउंटर. बायको म्हणाली, "इथं बाबा असते तर काउंटरच्या आत जाऊन बसले असते." खरं आहे. खालच्या संग्रहालयात काचेच्या छताचा चौक आहे आणि त्यात टपालाची जुनी वाहनं मांडली आहेत. तिथं निदान अर्धा दिवस द्या.

काउंटरवर मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं, म्हणजे युद्धकाळात चीनमध्ये जखमींवर उपचार करणाऱ्या सोलापूरच्या डॉक्टरांचं, चिनी तिकीट मिळेल का म्हणून विचारलं. १९८२ मध्ये, त्यांच्या निधनाला ४० वर्षं झाली तेव्हा चीननं ते काढलं होतं. आपल्याकडे १९९३ मध्ये निघालं. तिथल्या बाईंना चेहरा नाही ओळखता आला, पण मी फोनवर त्यांचं चिनी नाव, क दिहुआ, दाखवल्यावर त्या लगेच हसल्या. शेजारच्या काउंटरवरच्या दोघांना त्यांनी बोलावून मी त्यांच्याच गावाकडचा आहे असं काहीतरी सांगितलं. सोलापूरचं नाव त्या हॉलमध्ये मीच मोठ्यानं उच्चारलं. तिकीट तिथं नव्हतं, असं जुनं तिकीट व्यापाऱ्यांकडेच मिळतं.

आता कामाच्या चार गोष्टी. रेल्वेचं तिकीट १२३०६ या सरकारी ॲपवर काढा, पासपोर्टची पडताळणी निघण्याआधी घरूनच करून घ्या. स्टेशनात पासपोर्ट हेच तिकीट. पैसे बहुतेक ठिकाणी अलीपेवर चालतात, त्याला आपलं कार्ड आधी जोडून ठेवा आणि थोडी रोकड खिशात असू द्या. गूगलचे नकाशे तिथं भरवशाचे नाहीत, आमॅप वापरा. १ मे आणि १ ऑक्टोबरच्या सुट्ट्या टाळा, गाड्यांना जागा मिळत नाही. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, काही इतर वारीही. एका दारावरून आम्ही परत फिरलो, तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलातून चौकशी करून घ्या. शाकाहारींनी "वो ची सू" एवढं पाठ करावं. एखादा दिवस जास्त असेल तर शांघायहून रेल्वेनं गाओयौला जा. या गावाच्या नावातच टपाल आहे, कारण ते वसलं उंचवट्यावरच्या टपाल ठाण्याभोवती. मोठ्या कालव्याकाठी तिथं १३७५ चं ठाणं आहे.

एक कोरी वही न्याच. जवळपास प्रत्येक संग्रहालयात आठवणीचे शिक्के ठेवलेले असतात, आपल्या हातानं मारायचे. पोस्टकार्ड मात्र काउंटरवर द्या आणि तारखेचा शिक्का समोर मारून मागा, "यौचुओ" म्हटलं की कळतं. पेट्या तिथं हिरव्या असतात, लाल शोधत फिरू नका. पत्ता इंग्रजीत चालतो, फक्त देशाचं नाव चिनीत लिहून घ्या. शांघायच्या हॉलमधून मी साताऱ्याला आत्याला, म्हणजे वडिलांच्या बहिणीला, कार्ड टाकलं. ते तेविसाव्या दिवशी पोचलं. शिक्का स्वच्छ उमटलाय, तारीख वाचता येते, असं तिनं फोनवर सगळ्यात आधी सांगितलं.