मोहोळच्या अलीकडे

गाडी पंचावन्नला गेली की पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा. साठला मागच्या कप्प्यातल्या वाट्या एकमेकींवर वाजायच्या. सोलापूर सोडून पाऊण तास झाला होता, अंधार पडत होता आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. ज्या गाडीसाठी चार महिने पुणे-सोलापूर अशा खेपा घातल्या, ती घरी नेण्याच्या दिवशीच असं थरथरत होती.

गाडी बाबांची. 1994 सालची छोटी टेम्पो ट्रॅव्हलर. त्यांनी ती जुनी घेतली आणि दोन उन्हाळ्यांत स्वतःच्या हातानं तिचं घर केलं. दोन बाकं जोडली की पलंग व्हायचा, दाराशी हातभर ओटा, पाण्याची टाकी, पाच किलोचा सिलिंडर. बाबा गेल्यावर ती तीन वर्षं उभीच होती. मग मी आणि आई तिला घेऊन उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला गेलो आणि काठच्या गाळात मागचं एकच चाक गरगर फिरत बसलं. साध्या डिफरन्शियलचं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत फिरकी वाटणाऱ्या गोळ्याचं, तसंच असतं, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच सगळी फिरकी मिळते. त्या रात्री ठरवलं, हिला फोर व्हील ड्राइव्ह करायची, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ द्यायची.

पुण्यात दोन ठिकाणी विचारलं. दोघांनीही आधी विंच, मोठे टायर आणि छतावरचे दिवे दाखवले. ॲक्सल कुठून आणणार, यावर धड उत्तर नाही. मामाच्या ओळखीनं सोलापूरच्या अण्णांकडे गेलो. त्यांचं गॅरेज अक्कलकोट रोडला. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, ट्रकवाल्यांशी कन्नड. त्यांनी गाडीखाली सतरंजी टाकली, अर्धा तास आत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "गुरख्याचा माल बसतोय की. इंजिन एकाच खानदानातलं हाय."

खरं होतं ते. बजाज टेम्पोच्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या परवान्यावरचं ओएम 616 इंजिन, आणि त्याच कंपनीच्या, म्हणजे आताच्या फोर्सच्या, जुन्या गुरखा या फोर व्हील ड्राइव्ह जीपमध्येही त्याच घराण्यातलं. शिवाय ट्रॅव्हलरला पुढं पाट्यांवर बसलेला सरळ ॲक्सल. तो काढून त्या जागी चाकांना ओढ देणारा फिरता ॲक्सल बसवणं निदान विचारात तरी घेता येतं. अपघातात गेलेल्या एका गुरख्याचे दोन्ही ॲक्सल आणि ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी, मिळाली. दोन्ही घेणं भाग होतं, कारण पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे दात्यांचं प्रमाण, एकच लागतो. नाहीतर चारही चाकं जोडली की पुढची आणि मागची एकमेकांशी भांडत राहतात आणि काहीतरी तुटतं.

कागदांचं मात्र कळवळून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असल्या बदलांना आडवं येतं. जानेवारी 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर कंपनीच्या मूळ तपशिलात केलेला फेरफार फारच काटेकोरपणे बघतात. लेखी परवानगी हातात येईपर्यंत गॅसकटर पेटवू नका. मला त्या कागदाला गॅरेजच्या कामापेक्षा जास्त दिवस लागले, आणि त्या काळात माझी झोप उडाली होती.

मार्च ते मे काम चाललं. सोलापूरचा मे म्हणजे दुपारी पान्हा उन्हात राहिला तर उचलता येत नाही. स्टेशनजवळच्या लॉजवर दोन रात्री काढल्या, तिसऱ्या रात्री अण्णांच्या बायकोनं गच्चीवर गादी टाकली आणि विषय संपला. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मी पैशांची गोष्ट काढली तर त्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

पुढच्या डिफरन्शियलचा गोळा इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला घासत होता म्हणून पाट्यांखाली ठोकळे देऊन गाडी चार इंच उचलली. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या मागं वेगळ्या क्रॉसमेंबरवर टांगली. तिथून पुढं शाफ्ट जायचा त्या वाटेत बाबांची पाण्याची टाकी येत होती. ती हलवताना अण्णांनी मला बोलावलं. "तुमच्या वडलांचा हात हाय यावर, तुम्हीच खोला." टाकी आता पलंगाखाली आहे, बाबांनी घातलेल्या त्याच पट्ट्यांनी आवळलेली. गाडी उंच झाल्यावर आईच्या गुडघ्यांचं काय, हा विचार माझ्या मनातही आला नव्हता. अण्णांनी कुणी न सांगता दाराला घडीची पायरी वेल्ड करून ठेवली होती.

जूनचा पहिला पाऊस पडला आणि चाचणीला हत्तरसंग कुडलला गेलो. भीमा-सीनेचा संगम, शके 940 म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख, आणि अंगावर 359 मुखं कोरलेलं ते शिवलिंग. त्याच्यासमोर मी तासभर बसलो, त्यावर स्वतंत्र लिहीन. नदीकडच्या शेतवाटेवर काळी माती टायरला पोळीसारखी गुंडाळत होती. टायरची हवा कमी केली, लो म्हणजे जादा ताकदीचा संथ गिअर लावला, बाबांची गाडी जागची हलली आणि एका संथ लयीत पन्नास-साठ पावलं गेली. मला रडू आलं. पुढं मात्र टायरच्या खाचा भरून चारही चाकं गुळगुळीत झाली. बांधावरचे शेतकरी म्हणाले, "वाफसा येऊ द्या, मग जावा." ते बरोबर होते. काळ्या रानात वाफशाआधी शिरायचं नाही, मग गाडीला कितीही चाकं फिरती असोत. आम्ही मागं फिरलो. डांबरी रस्ता लागताच अण्णांनी पुढचा ॲक्सल सोडायला लावला. या जातीच्या फोर व्हीलला मध्ये डिफरन्शियल नसतो, कोरड्या डांबरावर तशीच चालवली तर स्टिअरिंग दगडासारखं होतं.

गॅरेजवर चिखल धुतला, शाफ्ट काढून क्रॉसना, म्हणजे त्याच्या टोकांच्या वाकत्या जोडांना, ग्रीस भरलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघालो.

तर मोहोळच्या अलीकडे, ढाब्यापाशी गाडी उभी करून मी अण्णांना फोन लावला.

"गिअर बदलला की थरथर बदलतीय का?"

"नाही. साठला येते ती येतेच."

"न्यूट्रल मारून सोडून बघितलं का?"

"बघितलं. तरी आहेच."

"म्हणजे इंजिन नव्हं. हलू नका, येतो की."

तासाभरात मोटारसायकलवर आले, मागं त्यांचा मदतनीस पोरगा, नुकताच आयटीआय झालेला. काल शाफ्ट त्यानंच जोडला होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्याचा चेहरा उतरलेला. मला वाटलं आता याला बोलणी बसणार. अण्णांनी हातातली बॅटरी त्याच्याकडे दिली, स्वतः ढाब्याच्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "जा, बघ. घाई नाही."

पोरगा खाली सरकला. मीही शेजारी आडवा झालो. मागच्या शाफ्टला मधोमध सरकता जोड असतो, दात्यांचा दांडा दात्यांच्या नळीत. दोन्ही टोकांना क्रॉस. ते दोन क्रॉस एका रेषेत असायला लागतात. कारण तिरका क्रॉस शाफ्टला एका फेऱ्यात दोनदा पुढं ढकलतो नि दोनदा मागं ओढतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढीच उलटी चाल करून ते फेडतो. रेषा चुकली तर फेड होत नाही, सगळी गाडी थरथरते. कुडलला वीस-तीसच्या वर गेलोच नव्हतो, आणि शाफ्ट खोलला तो त्यानंतर.

पोरानं एका टोकाच्या कानावर बोट ठेवलं, बॅटरी दुसऱ्या टोकाकडे नेली, परत आणली. मग अगदी हळू म्हणाला, "अण्णा, एक दाता."

"खडू मारला नव्हतास?"

"मारला होता. डिझेलनं धुताना गेला."

"मग खडू कशाला मारायचा?"

उत्तर आलं नाही. अण्णा उठले, डिकीतून पंच आणि हातोडी काढून खाली सरकवली. पोरानं जोड सोडवला, एक दाता फिरवून परत बसवला, आणि नळीवर एक, दांड्यावर एक असे समोरासमोर दोन ठिपके ठोकले. वाकून त्यावरून अंगठा फिरवला. बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस होतं.

मी पाकीट काढलं तर अण्णांनी ते माझ्या हातासकट खिशात परत घातलं. "याला पुढं बसवा मोडनिंबपर्यंत. मी मागनं येतो."

पोरगा माझ्या शेजारी बसला आणि वाकून तळहात पत्र्यावर टेकवला. पन्नास. पंचावन्न. साठला मी विचारलं, "लागतंय?" त्यानं मान हलवली, नाही. सत्तरला परत विचारलं. नाही. आरशात अण्णांचा एकच दिवा मागं येत होता. मोडनिंब येईपर्यंत पोरानं हात काही उचलला नाही.