डासांवर वनस्पतींचे अर्क: टिकत नाहीत, हाच त्यांचा गुण

घरात तान्हे बाळ आल्यापासून कॉइल पेटवताना माझा हात अडखळू लागला आणि त्या निमित्ताने मी वनस्पतींच्या अर्कांविषयी वाचू लागले. ज्या रसायनांना मी पर्याय शोधत होते, त्यांतील बहुतेकांचे मूळ एका फुलात आहे, हे तेव्हा प्रथमच कळले. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रमच्या फुलांत पायरेथ्रिन ही द्रव्ये असतात. ती डासाच्या चेतासंस्थेवर आघात करून त्याला क्षणात खाली पाडतात, परंतु उन्हात लवकर विघटित होतात. हे अल्पायुष्य गैरसोयीचे वाटल्याने शास्त्रज्ञांनी त्याच रचनेच्या धर्तीवर उन्हात टिकणारी कृत्रिम द्रव्ये घडवली. १९७३ साली जाहीर झालेले पर्मेथ्रिन हे त्यांपैकीच एक. त्यांचा मारा वर्षानुवर्षे होत राहिला आणि डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासांत असे जनुकीय बदल रुजले की विष चेतापेशींवर जिथे चिकटायचे, तिथे ते नीट चिकटेनासे झाले.

मला कडुनिंबाची वाट अधिक आश्वासक वाटते. डासाची अळी पाण्यात वाढताना वारंवार कात टाकते, आणि निंबोळीतील अझाडिरॅक्टिन नेमके कात टाकण्याचा इशारा देणारे संप्रेरक विस्कळीत करते. अळी लगेच मरत नाही, पण तिचा डासही होत नाही. त्यामुळे एका दिवसात निकाल पाहणाऱ्याला हा अर्क निरुपयोगी वाटू शकतो. शिवाय निंबोळीच्या अर्कात एकाच वेळी अनेक द्रव्ये असल्याने त्या सर्वांना तोंड देणे अळीला अवघड जाते.

तरीही ‘वनस्पतीजन्य’ या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. पायरेथ्रिन माशांना घातक आहे, आणि निंबोळीचे तेल पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. झाड, हंगाम आणि अर्क काढण्याची पद्धत बदलली की द्रव्याचे प्रमाणही बदलते, म्हणून घरी उकळलेल्या काढ्यापेक्षा प्रमाणित अर्क बरा. अंगाला लावायच्या उपायांत सिट्रोनेला या सुगंधी गवताचे तेल फार लवकर उडून जाते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी हे डास दूर ठेवणारे द्रव्य त्याहून अधिक वेळ टिकते आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ साली त्याची शिफारसही केली, मात्र तीन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये, असे सांगितले जाते.

त्यामुळे बाळासाठी मी मच्छरदाणीच निवडली. भांड्यांत साचलेले पाणी आम्ही दर आठवड्याला ओततो, आणि जे उपसता येत नाही, पिण्याचे नाही व ज्यात मासे नाहीत, तेवढ्याच पाण्यात कडुनिंबाचा प्रमाणित अर्क वेष्टनावरील मात्रेनुसार टाकतो. तो टिकत नसल्याने पुन्हा पुन्हा टाकावा लागतो, आणि हे कष्ट मी आनंदाने घेते.