सार्यानची ‘ती जागा’ शोधायला जाऊ नका

आधी निकाल, मग रडगाणं. आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये कुणी म्हणालं, ‘चित्रकार मार्तिरोस सार्यानने जिथून ते चित्र काढलं ती जागा दाखवतो’, तर हात जोडा आणि चालू लागा. अशी जागा नाहीच. मी तिच्यापायी ३५ हजार ड्राम घालवले. (ड्राम हे तिथलं चलन. तेव्हा एका रुपयाला साधारण साडेचार ड्राम होते, करा हिशेब.)

‘ते चित्र’ म्हणजे १९२३ चं ‘आर्मेनिया’. प्रजासत्ताक चौकातल्या नॅशनल गॅलरीत आहे. सोमवारी गॅलरी बंद असते, आणि मी पोचलो सोमवारीच. मग ‘आधी डोंगर, नंतर चित्र’ असा शहाणपणा सुचला. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

चालकाशी २० हजारात ठरलं: आरागात्स पर्वताच्या दक्षिण उतारावरचा कारी तलाव, वाटेत ‘ती जागा’, संध्याकाळी परत. ती जागा म्हणजे रस्त्याकडेचं एक वळण निघालं. समोर धुरकट दरी, दुपारचे बारा, अरारात पर्वत गायब. अरारात पाहायचा तर सकाळी लवकर पाहा. उन्हाळ्यात दुपारी तो दिसेलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो काहीतरी विकतोय. आणि दिसला तरी लांबूनच, कारण तो तुर्कस्तानात आहे आणि ती सीमा बंद आहे.

आता कारी तलाव. येरेवान हजार मीटरवर, तलाव ३,२०० वर, आणि गाडी दोन तासांच्या आत पोचवते. शरीराला काही कळायच्या आत तुम्ही वर असता. मी कळसूबाई पंधरा-वीस वेळा केलेला माणूस, त्यामुळे फुशारकी होती. पण कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. इथे गाडीतून उतरतानाच आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. जूनअखेर होती, तरी पाण्याकडेला बर्फ होता. दक्षिण शिखराला निघालो. पहिला अर्धा तास मजेत गेला. त्यानंतरचा सुट्या दगडांचा चढ मी कुणालाही सुचवणार नाही: दोन पावलं वर, एक खाली, कपाळात हातोडे, आणि मध्येच बर्फाचा पट्टा. आपल्याकडचा घसारा निदान कुठेतरी गवताला टेकतो, हा टेकतच नाही. काठी, पकड असलेले बूट आणि आदली रात्र उंचावरच्या एखाद्या गावात, यातलं एकही कमी असेल तर तलावावरूनच मागे फिरा. मी शिखराच्या खालून परतलो. लाज वाटली नाही, डोकं इतकं दुखत होतं.

खाली आल्यावर चालकाने ‘थांबण्याचे’ १५ हजार वेगळे मागितले. वर दुसरी गाडी नाही, बस नाही. दिले. तेव्हा थांबण्याचे तास, वाटेतले थांबे आणि परतीचं भाडं निघायच्या आधी कागदावर आकड्यांत लिहून घ्या. जुन्या २० हजारांच्या नोटेवर सार्यान होता, नव्यावर समुद्राचा चित्रकार आयवाझोव्स्की आहे. म्हणजे सार्यानच्या नावावर माझा आयवाझोव्स्की गेला.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत गेलो आणि स्वतःवरच हसलो. गच्चीवर नाच, शेतं, चर्च, वर डोंगरामागे डोंगर. हा कुठल्या एका वळणावरून दिसणारा देखावा नाहीच, अख्खा देश एका कापडावर गोळा केलाय. दोन वर्षं आधी, १९२१ मध्ये, सार्यान येरेवानला कायमचा राहायला आला होता. जन्म रशियातल्या रोस्तोवजवळच्या नव्या नाखिचेवानचा, शिक्षण मॉस्कोचं, मधे इस्तंबूल, इजिप्त, इराण. बाहेरून आलेल्या माणसानेच देश असा एकत्र पाहावा, हे मला पटलं.

आणि रंगांबद्दल माफी. ते केशरी उतार, निळ्या सावल्या मी छापील चित्रांत पाहून ‘अति’ म्हटलं होतं. परतताना सात वाजता, भाड्याच्या भांडणानंतर गाडीत गप्प बसलेलो असताना, खिडकीबाहेर अगदी तेच रंग होते. चालकाला सांगितलं नाही.

सेवान तलाव, लोरी प्रांत झाले. छान होते, पुढे चला.

सार्यान रस्त्यावरचं घर-संग्रहालय मात्र चुकवू नका. तिथे सगळं काम नाही, कारण १९२८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाहून परतताना बोटीला आग लागून बरीचशी चित्रं जळाली. म्हाताऱ्याने (गेला १९७२ मध्ये, नव्वदी ओलांडून) त्यानंतरही चार दशकं रंगवलं. दीड तास ठेवा. जिने आहेत. माझ्या मांड्यांनी त्या दिवशी प्रत्येक पायरी मोजली.

ऑपेराजवळच्या सार्यान बागेत, त्याच्या पुतळ्याभोवती, शनिवार-रविवारी चित्रकार चित्रं विकायला बसतात. निम्म्यांवर अरारात. एक आवडलं होतं, घेतलं नाही. बॅगेत जागा नव्हती, आणि ड्राम तर नव्हतेच.