भाजायचंही आपणच, मग हॉटेल कशाला?

कोरियातल्या सोलहून येऊन दीड वर्ष झालं, तरी तो एक फोटो दाखवला की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे पैसेही आपणच द्यायचे आणि भाजायचंही आपणच? मग हॉटेल कशाला?" शेजारच्या काकूंनी विचारलं, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींनी विचारलं. फोटोत टेबलाच्या मधोमध शेगडी आहे, तिच्यावर मांसाच्या कच्च्या पट्ट्या आहेत आणि माझ्या गळ्यात ॲप्रन आहे, त्यामुळे शंका रास्तच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकते.

माझी भाची तिकडे शिकते. ती मला मापोला घेऊन गेली. मापो म्हणजे हान नदीकाठचं जुनं बंदर. आता त्या भागात भाजक्या मांसाची हॉटेलं गल्लोगल्ली. आत शिरलं की छतातून प्रत्येक टेबलावर धूर ओढणारा पाइप लोंबतोय. बसायला पिंपासारखी गोल स्टुलं, झाकण उघडून आत कोट आणि पर्स टाकायची, म्हणजे वास लागत नाही. (केसांना दोन दिवस होता, ते वेगळं.) चमचे शोधू नका, टेबलाच्या कडेला खण असतो, त्यात असतात.

मागवलं सामग्योप्साल. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे थर, साल म्हणजे मांस. डुकराच्या पोटाकडचं, मांस आणि चरबीचे पदर असलेलं. त्या तिनांवरूनच 3 मार्चला तिकडे सामग्योप्साल खायची पद्धत पडली आहे. आमच्या हॉटेलात 150 ग्रॅमचा एक वाटा, आणि दोन वाट्यांच्या खाली ऑर्डर घेत नव्हते. अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, एकट्याने फिरणाऱ्यांची पंचाईत होते. डुक्कर मी आधी गोव्यात खाल्लं होतं, पण सोरपोतेलमध्ये ते मसाल्याआड असतं. इथे समोर नुसतं मांस, मसाल्याचा पत्ता नाही.

ते यायच्या आधीच टेबल वाट्यांनी भरलं होतं. किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं), कांद्याच्या पातीची तिखट कोशिंबीर, सोयाबीनचे मोड, मुळ्याच्या आंबट चकत्या. हे बांचान. आपल्या पानाची डावी बाजू समजा, फक्त याचे वेगळे पैसे नाहीत आणि संपलं की पुन्हा वाढतात.

टेबलावर धाकटा असेल त्याने भाजायचं, अशी साधारण रीत. म्हणून चिमटा भाचीकडे. तिने पट्ट्या टाकल्या आणि फुलके उलटावेत तशी सारखी उलटायला लागली. लांबून एक साठीच्या बाई बघत होत्या. त्या आल्या, एक शब्द न बोलता तिच्या हातातून चिमटा काढून घेतला, पट्ट्या सरळ केल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. खालची बाजू सोनेरी झाल्यावर एकदाच उलटल्या. मग कात्री. हो, आपल्या शिवणाच्या डब्यात असते तेवढी, तिने सपासप तुकडे केले. तवा थोडा उतरता होता; चरबी ओघळत होती त्या कडेला त्यांनी किमची पसरली. थंड किमचीला मी नाक मुरडलं होतं. त्या चरबीत परतलेली मात्र दोनदा मागून घेतली.

भाची त्यांना हाक मारत होती, "इमो!" इमो म्हणजे आईची बहीण. मी कान टवकारले. आत्याला काय म्हणतात? गोमो. मग हॉटेलात कुणाला गोमो म्हणतात का? भाची हसायलाच लागली. शाळेतल्या, दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना आपणही मावशीच म्हणतो. "आत्या, जरा पाणी आणा" असं मी तरी कधी ऐकलं नाही. आत्याला मान आणि मावशीला काम, हा हिशोब दोन्हीकडे एकच निघाला. आणि खरी मावशी ॲप्रन बांधून आयती बसली होती.

खायचं कसं तेही इमोंनीच खुणांनी दाखवलं. लेट्यूसचं पान, त्यावर केन्निपचं पान (चव बडीशेप आणि पुदिन्याच्या मधली), त्यावर मांसाचा तुकडा, भाजलेला लसूण आणि साम्जांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं तिखट वाटण. विड्यासारखी घडी करायची आणि अख्खा तोंडात टाकायचा, तोडायचा नाही. माणूस जवळचं असेल तर असा घास करून त्याला भरवतात. भाचीने माझ्या तोंडासमोर धरला. लग्नानंतर मला कुणी घास भरवला नव्हता, आणि तेव्हा आधी नाव घ्यायला लावलं होतं.

शाकाहाऱ्यांनी काय करावं? पानं, भात, लसूण. किमचीतही बहुतेकदा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि सोयाबीनच्या आमटीत सुक्या मासळीचं पाणी. म्हणून तर नवऱ्याला नेलं नव्हतं.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. परत आल्यावर बहिणीकडे, म्हणजे या भाचीच्या आईकडे, जेवणाच्या टेबलावर छोटी शेगडी ठेवून मी हा प्रयोग केला. डुकराऐवजी कोंबडी. धाकटी मी, त्यामुळे चिमटा माझ्याकडे होता. तिसऱ्या तुकड्याला बहिणीने तो काढून घेतला.