व्यापारी संघटनेचा सचिव म्हणून रस्त्याच्या कामात आलेला माझा अनुभव

शहराची वस्ती वाढत गेली तशी बाजाररस्त्याखालची जुनी मलवाहिनी अपुरी पडू लागली. ती बदलण्यासाठी रस्ता खोदायचा आणि नंतर पदपथ रुंद करून दुकानांसमोरचे पार्किंग कमी करायचे, असे महापालिकेने ठरवले तेव्हा मी व्यापारी संघटनेचा सचिव होतो. आम्ही रीतीप्रमाणे विरोधाचे निवेदन दिले. मसुदा माझाच होता आणि पार्किंग गेल्यास गिऱ्हाईक तुटेल, हे त्यात तीनदा लिहिलेले होते. अभियंत्यांनी ते वाचून शांतपणे विचारले, याला आधार काय? माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मग आम्ही चौघांनी आठवडाभर, दुकाने उघडल्यापासून बंद होईपर्यंत, दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांचे क्रमांक वहीत टिपले. तिसऱ्या दिवशी वही चाळताना तेच ते क्रमांक पुन्हा पुन्हा दिसू लागले आणि त्यांतला एक माझ्याच गाडीचा होता. दिवसभर जागा अडवणाऱ्या बहुतेक गाड्या गिऱ्हाइकांच्या नव्हेत, तर आमच्या आणि आमच्या नोकरांच्या होत्या. हे सभेत सांगणे महापालिकेशी भांडण्यापेक्षा कितीतरी जड गेले. एका ज्येष्ठ सभासदांनी, ‘तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?’ असे सर्वांदेखत विचारले. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावून आपला क्रमांक शोधला आणि काही न बोलता वही मिटून परत दिली.

त्यानंतर आमच्या मागण्याच बदलल्या. माल उतरवण्यासाठी सकाळची ठरावीक वेळ, मागचा टप्पा बुजवल्याशिवाय पुढचा न खोदणे आणि प्रत्येक दुकानाच्या दारापर्यंत कठड्यासह फळ्यांची वाट, एवढेच आम्ही मागितले व ते बहुतांशी मिळाले.

वर्गणीच्या बाबतीत मात्र आमचे हसे झाले. ‘दुकाने चालू आहेत’ असे फलक लावण्यासाठी आम्ही पैसे गोळा केले, तेव्हा निम्म्यांनी हात वर केले. फलकावरचा बाण अर्थातच त्यांच्याही दुकानांकडे होता. भुयारी रेल्वे आणि मोठ्या मॉलमुळे गिऱ्हाईक ओसरू लागलेल्या टोरांटोतील ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या व्यापाऱ्यांनी ही अडचण १९७० साली कायद्याच्या आधाराने सोडवली. तिथे बाजारपेठेच्या हद्दीतील प्रत्येक व्यावसायिक मालमत्तेवर आकारणी सक्तीची असते, ती नगरपालिका वसूल करते आणि खर्च व्यापाऱ्यांचे मंडळ करते. आमच्या हाती अशी तरतूद नव्हती, त्यामुळे उरलेला खर्च कार्यकारिणीनेच वाटून घेतला.

एक चूक मात्र माझ्या पदरी आहे. कार्यकारिणीत सारे स्वतःच्या मालकीच्या गाळ्यांतले असल्यामुळे भाडेकरूंचा विचार आमच्या मनात उशिरा आला. दुसऱ्या टप्प्याचे काम लांबले आणि भाड्याच्या गाळ्यातले एक छोटे दुकान बंद पडले. तिसऱ्या टप्प्याआधी आम्ही गाळेमालकांना भेटून काम संपेपर्यंत भाडे कमी करण्याची विनंती केली. दोघांनी ती मान्य केली.